तुझी इस्पेनची माणसं

भाऊ,

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना तू हळद शिजवायचे कुकर करून दिलेस ते शेतकरी पार सेनगावपासून आले होते, बाळापूरच्या बाजारातले दुकानदार आले होते, आणि ज्यांच्याशी तुझं बोलणं बंद होतं तेही येऊन मागं उभे होते. भंतेजींचं सूत्रपठण झालं. मग नांदेडचे आपले ते पाहुणे बोलायला उठले, ज्यांना उठल्याशिवाय राहवत नाही. तुझ्या फोटोकडं हात करून ते म्हणाले, "सुधाकरचं बालपण हलाखीत गेलं. एक खेळणं म्हणून त्याला कधी मिळालं नाही. म्हणून मोठेपणी त्यानं त्या स्पेन देशाची जुनी खेळणी जमवली. ती त्या लेकराची राहून गेलेली भूक होती."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी जागेवरून उठले.

"भूक नव्हती," मी म्हणाले. "माझ्या भावाला शौक होता. नुसता शौक."

आणि खाली बसले. काय झालं ते कोणाला कळलं नाही. पाहुणे पुन्हा तिथूनच सुरू झाले. वहिनीनं मात्र माझा हात धरला तो कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही.

वाक्य तुझंच होतं. हिंगोलीचा तो पत्रकार तुझं कपाट बघायला आला होता, तेव्हा त्यानंही पहिला प्रश्न गरिबीचाच विचारला. तू वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणालास, "लहानपणी आमच्याकडं गाडा व्हता, भोवरा व्हता, चिंचोके व्हते, कयाधूचं पाणी व्हतं. खेळायला काही कमी न्हवतं. पुण्याचा माणूस जुन्या मोटारी जमवतो त्याला शौक म्हणतेत. मी जमवल्या की ती जखम. काहून? आमच्या लोकायला नुस्ता शौक असू नये का?" त्यानं लिहून घेतलं आणि छापलं नाही. तुला त्याचं वाईट वाटलं नाही. मला वाटलं. तुला वाईट वाटायला हवं होतं अशा बऱ्याच गोष्टी माझ्याकडं जमा आहेत.

तुझ्या दुकानाचं शटर अजून उघडलेलं नाही. आत एक कुकर अर्धाच पडून आहे, त्याचं झाकण बसायचं राहिलंय. ज्याचा आहे त्या शेतकऱ्याला मी फोन केला तर तो म्हणाला, "राहू द्या ताई. यंदाची हळद मी दुसऱ्याकडून शिजवून घेतली." त्याचंही बरोबर आहे. हळद कोणासाठी थांबत नाही.

तुझं सगळं सुरू झालं ते एका माशामुळं. आयटीआय करून तू मुंबईच्या गोदीत लागलास, तिथून जहाजावर फिटर झालास. एकदा व्हॅलेन्सियाच्या बंदरात तुमचं इंजिन बिघडलं आणि जहाज अडकून पडलं. रविवारी तिथं जुना बाजार भरायचा. आपल्या आठवडी बाजारासारखाच, तू सांगायचास, फक्त भाजी नाही आणि ओरडणं कमी. एका म्हातारीच्या चादरीवर पत्र्याची लॉरी पडली होती. चावी गेलेली, एक चाक गेलेलं. तू सवयीनं ती उलटी करून बघितलीस, तर आतल्या बाजूला अर्धा मासा छापलेला. त्यांच्या देशातल्या लढाईनंतर तिकडं पत्रा मिळत नव्हता, म्हणून कोणीतरी माशाचे रिकामे डबे कापून, उलटे करून, त्याच्या मोटारी केल्या होत्या. बाहेरून लाल लॉरी, आतून मासा.

"झाळ न्हाई, खिळा न्हाई," पहिल्यांदा घरी आणलीस तेव्हा तू मला नखानं दाखवलंस. "पत्र्याचे कान काढलेत, खाचेतून घातलेत अन् मुडपलेत. बघ, हा कान जरा तिरपा हाये. कोण्या बाईचा हात असंल. जेवायची सुट्टी व्हायली असंल, घाई केली."

मी म्हणाले, "बाईच कशावरून?"

"बाप्यानं केला असता तर कान तुटला असता."

मी तेव्हा डी.एड. करत होते. मला वाटलं, समुद्रावर राहून माझा भाऊ थोडा बिघडला. पण तू ती लॉरी खिडकीत ठेवलीस आणि जेवताना सारखं तिच्याकडं बघत राहिलास. एवढ्या समाधानानं मी तुला कशाकडंच बघताना पाहिलं नव्हतं. वहिनी आली तरी तेवढं नाही. हे वहिनीच सांगते, हसत.

मग चावीच्या मोटारी आल्या, आगीचा बंब आला, बाजूला टोपली जोडलेली मोटारसायकल आली. आणि मग ती माणसं. फूटभर उंचीची, हातपाय वळणारी, अंगात खऱ्या कापडाचे कपडे. शिपाई, गिर्यारोहक, पाणबुड्या. तिकडच्या पोरांनी पन्नासएक वर्षांमागं खेळून टाकलेली. माणसं मिळायची. नाही मिळायचं ते त्यांचं सामान: बूट, कंबरेची बाटली, बोटाच्या पेरात मावेल एवढं होकायंत्र, दोरीचं वेटोळं. जहाज सोडून तू बाळापूरला दुकान टाकलंस, तेव्हा तुझ्या पेटीत माणसं पुष्कळ होती आणि सगळी अनवाणी.

"माणूस सापडतो गं बाई," तू म्हणायचास. "त्याचं सामान सापडत न्हाई."

आता उलटं झालंय. तुझी चप्पल दारात आहे, दाढीचा ब्रश खिडकीत आहे, मापाची पट्टी शर्टाच्या खिशात आहे. वहिनी ते काही हलवू देत नाही.

सामानाच्या शोधातच तुला रामोन भेटला. तिकडं आलिकांतेच्या बाजूला खेळण्यांचे कारखाने असलेलं एक गाव आहे, तिथला हा रिटायर झालेला बसड्रायव्हर. त्याची आई त्या कारखान्यात कामाला होती. तुला मराठी आणि जहाजावरची मोडकी इंग्रजी, त्याला त्याची भाषा. मधे फोन भाषांतर करायचा आणि काहीही करायचा. एकदा त्यानं तुझ्या तब्येतीची चौकशी केली तर फोन म्हणाला, "तुझे मांस कसे आहे?" तुम्ही दोघं खोकला येईपर्यंत हसलात. रामोन अधूनमधून पुडकं पाठवायचा. पोस्टमन विचारायचा, "यात काय हाये हो?" तू म्हणायचास, "बूट." "एवढुशा डब्यात?" "पाय बी एवढुसेच हायेत." बूट ठेवायला तू वहिनीचा मसाल्याचा डबा उचललास. ती चिडली, मग बाजारातून स्वतःसाठी दुसरा घेऊन आली. तुमच्या संसारात तिनं तुझ्यावर केलेला एवढा एकच रुसवा मला आठवतो.

पाणबुड्या तेवढा राहिला. त्याच्या पाठीवरची हवेची टाकी कुठंच मिळेना. मी म्हणायचे, तू एवढे मोठमोठे कुकर करतोस, तुला दोन बोटांची टाकी करता येत नाही? तू म्हणायचास, "येते की. पण मग ती माझी टाकी झाली. त्याची न्हाई." रामोननं सांगितलं, माझ्याकडचा पाणबुड्या पूर्ण आहे, त्याची काढून पाठवतो. तू त्यालाही नको म्हणालास. मला हा हट्ट वाटायचा. अजूनही वाटतो.

मग तुझ्या पायांवर सूज आली. आधी आपल्याला वाटलं, दिवसभर उभं राहून. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या. बीपी कधीपासून आहे? तू म्हणालास, "मला काय माहीत, मी कधी मोजलं न्हाई." सगळ्या नळ्यांतला दाब मोजणारा माणूस तू.

त्यानंतर हिंगोलीचं डायलिसिस. एका वारी वहिनी यायची, शनिवारी मी. उन्हाळ्यात शाळा सकाळची असायची. मी नरसीहून जीपनं थेट दवाखान्यात यायचे. तुझा एक हात मशीनला जोडलेला, दुसऱ्या हातात मोबाईल, मोबाईलवर इस्पेनचा बाजार. शेजारच्या खाटेवरचे काका विचारायचे, "काय बघून राहिले?" तू स्क्रीन त्यांच्याकडं फिरवायचास, "हे बघा, शिपायाचं डोस्कं. नुस्तं डोस्कंच इकून राहिले." काका बघायचे आणि गंभीरपणे मान हलवायचे. डॉक्टरांनी तुला पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. ऊन असं की जीभ टाळूला चिकटावी. एकदा घरी तू कपाटातल्या शिपायाच्या कंबरेची बाटली बोटानं हलवून म्हणालास, "याला माझ्यापेक्षा जास्त पाणी भेटून राहिलं." मी हसले नाही. तू हसावं म्हणून बोलला होतास, तरी मला हसता आलं नाही.

ते दुकानातलं भांडण आता आठवतं. हळदीचा हंगाम होता, बाहेर ट्रॅक्टर उभे होते आणि तू स्टुलावर बसून कारागिराला सांगत होतास, कारण तुला उभं राहवत नव्हतं. तो चहा आणायला गेला. मी आठवडाभर मनात घोकलेलं वाक्य बोलले.

"भाऊ, माझी एक घे."

"काय?"

"किडनी. आपला रक्तगट एक हाये. मी डॉक्टरला विचारलं."

तू हातातली पट्टी खाली ठेवलीस. "न्हाई."

"काहून न्हाई?"

"तुला एक लेकरू हाये. तुला काही झालं तर त्या पोरीला मी काय तोंड दाखवू?"

"मला काही होत न्हाई. लोक एका किडनीवर म्हातारे होतेत."

तू पट्टी पुन्हा उचललीस. मग म्हणालास, "रामोन टाकी काढून देतो म्हणला व्हता. मी काय म्हणलं त्याला? एकाचं काढून दुसऱ्याला लावलं की दोघं बी अर्धे व्हतेत."

माझं डोकंच फिरलं. "मी काय तुझी बाहुली हाये का? रामोनच्या बाहुलीला कोणी विचारलं न्हवतं. मी माझ्या तोंडानं सांगून राहिले, घे म्हणून. माझी हाये, मी देऊन राहिले!"

बाहेरचे ट्रॅक्टरवाले आत बघायला लागले. तू माझ्याकडं बघितलंस, आणि त्या सगळ्यात तुला काय खटकलं, तर म्हणालास, "बाहुली नको म्हणू त्याला."

मला हसू फुटलं आणि रडूही. तूही हसलास. चहा आला. तुझ्या वाटणीचा अर्धा कप तू बशीत ओतून हळूहळू प्यालास, शेवटच्या थेंबापर्यंत. मी निघताना तू म्हणालास, "बघू."

तुझं ते बघू मला लहानपणापासून माहीत आहे. बाबांना दवाखान्यात न्यायचं का? बघू. घर बांधायचं का? बघू. तुझ्या बघूत होकारही असायचा, नकारही असायचा, आणि ते तूच ठरवायचास, कोणाला न सांगता. त्यानंतर दर शनिवारी मी विषय काढायचे आणि तू मोबाईल पुढं करायचास: "हे बघ, केवढा सुंदर बंब." मी चिडून खिडकीबाहेर बघत बसायचे. अशा किती दुपारी मी तुझ्यावर रागावून तुझ्या शेजारी बसले, भाऊ. पण शेजारीच बसले.

जयंती झाली. मिरवणूक तू दुकानापुढं खुर्ची टाकून बघितलीस, निळा गुलाल लावून घेतलास, पोरांना सरबत वाटलंस आणि स्वतः घोटभरही घेतलं नाहीस. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी तू शटर वर करायला वाकलास. शटर अर्ध्यावर गेलं. कारागीर म्हणतो, आवाज थांबला म्हणून मी वळून बघितलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, या आजारात असं होतं. मी शाळेत फळ्यावर गुणाकार लिहीत होते. वहिनीचा फोन आला आणि तिला बोलताच येईना. तिच्या त्या न बोलण्यावरूनच मला कळलं.

रामोनला मी आठ-दहा दिवसांनी कळवलं. तुझ्याच फोनवरून व्हिडिओ लावला. तुझं नाव बघून तो मोठ्यानं काहीतरी ओरडला आणि मग त्याला माझा चेहरा दिसला. फोनला मी मराठीत सांगितलं, "माझा भाऊ वारला." फोननं त्याला काय सांगितलं कोण जाणे. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. टक्कल पडलेलं, गोरं, वयस्कर डोकं खाली घातलं. मग तो काहीतरी बोलला आणि फोन म्हणाला, "लहान वस्तू त्यांच्या माणसांपासून वेगळ्या होऊ देऊ नका. नंतर कोणालाच कळत नाही काय कोणाचे आहे."

घरात तोवर बोलणी सुरू झालीच होती. कोणी म्हणे, लेकरायला वाटून टाका, पुण्य लागंल. कोणी म्हणे, इंटरनेटवर टाका, याला लई भाव येतो म्हणे. वहिनीनं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्र असायचं तिथं, दोरीत घालून गळ्यात बांधली. मला म्हणाली, "मला त्यातलं काही कळत न्हाई ताई. कळून घ्यायची गरज बी न्हवती, ते व्हते ना. पण आत्ताच काही ठरवायचं न्हाई. वर्षभर तरी न्हाई."

शाळेच्या परीक्षा संपल्यावर एका दुपारी आम्ही दोघी कपाटापुढं चटई टाकून बसलो. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं. एकेक माणूस बाहेर काढायचा, त्याचं त्याचं सामान त्याच्या मनगटाला बांधायचं. कोणतं कोणाचं ते तुझ्या फोनमधल्या फोटोंवरून बघत होतो. वहिनी बूट घालत होती. एवढुसे बूट, तिच्या कामानं जाड झालेल्या बोटांनी. मधेच म्हणाली, "ह्यायला मोजे बी हायेत." आणि मग इतके दिवस आवरून धरलेलं तिला आवरलं नाही. पंधरा दिवसांत ती रडली नव्हती. मी दोरा खाली ठेवला, तिला धरून बसले. बाहेर ऊन रखरखत होतं आणि रस्त्यावरून भंगारवाला ओरडत चालला होता.

तेवढ्यात तुझा फोन वाजला. वहिनी तो रोज चार्ज करते. नंबर ओळखीचा नव्हता. मी घेतला.

"नमस्कार, सुधाकररावांचा नंबर ना? मी छत्रपती संभाजीनगरहून बोलतेय, हॉस्पिटलमधून. पुढच्या सोमवारची तुमची तपासणी आहे, ती आठवण करायला फोन केला. डोनर म्हणून बहिणीचं नाव सांगितलंय, शोभाताई. दोघांनाही उपाशीपोटी यायचंय."

मी म्हणाले, "कोणी सांगितलं?"

"पेशंटनीच. स्वतः फोन केला होता त्यांनी. मी आधीची तारीख देत होते, पण ते म्हणाले, बहीण शिक्षिका आहे, तिला सुट्ट्या लागल्यावरची द्या."

मला शेवटचा शनिवार आठवला. सुया काढून झाल्या होत्या, तू हातावर कापूस दाबून बसला होतास. तू विचारलंस, "तुमच्या शाळेला सुट्ट्या कधी लागतेत गं?" मी रागातच होते. "का, कुठं न्यायचंय का मला?" तू म्हणालास, "असंच." आणि मी तुझी पिशवी उचलली आणि आपण जीपकडं निघालो.

त्या मुलीला मी सांगितलं, पेशंट आता नाहीत. ती गडबडली. सॉरी म्हणाली, पुन्हा एकदा म्हणाली. मग हळूच विचारलं, "मॅडम, मग मी अपॉइंटमेंट रद्द करू का?"

तो एवढासा शब्द मला बोलवेना, भाऊ. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिलाही तू काही सांगितलं नव्हतंस. तिकडून ती मुलगी "हॅलो, हॅलो" करत राहिली. शेवटी मी म्हणाले, "करा."

सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी तुझ्याशी भांडले नसते. त्या शनिवारी जीपमध्ये तुझ्याशी नीट बोलले असते. तुला डोकं टेकायला खांदा दिला असता, तो मी असाही दिला, पण रागात दिला. तू मनातल्या मनात माझी वस्तू घेऊन टाकली होतीस, आणि तुला आभाराचं ओझं नको म्हणून, की दवाखान्यात पोचल्यावर मला चकित करायचं म्हणून, की तुझं तुलाच अजून पक्कं नव्हतं म्हणून, गप्प राहिलास. कोणतं खरं, ते मला आता कोणी सांगणार नाही.

पण शेवटी तू नको म्हणाला नव्हतास. त्या दुपारपासून मी एवढंच धरून बसले आहे. सकाळी उठते, डबा करते, अंघोळ करताना कधीकधी कमरेच्या वर, मागं, हात जातो. काही दुखत नाही. सगळं जागच्या जागी आहे. दोन्ही आहेत.

त्यातली एक तुझी होती.